चार्ज घेताना आणि घेतल्यावर: नव्या मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्षी स्वतःला कसं सांभाळावं

जून आला की जिल्हा परिषदेच्या शाळांत चार्ज, म्हणजे शाळेचा कारभार, देण्याघेण्याची गडबड सुरू होते. कुणाची बदली झालेली असते, कुणी ३१ मेला निवृत्त झालेलं असतं, कुणाला पदोन्नती मिळालेली असते. एप्रिलपर्यंत तिसरीचा वर्ग घेणाऱ्या बाई जूनमध्ये मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसतात. पाढे कसे पाठ करून घ्यायचे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) कशी लिहायची, ऑडिटला काय दाखवायचं, चिडून आलेल्या पालकांशी काय बोलायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

पुष्कळ शाळांत तर मुख्याध्यापकाचं पदही नसतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला १५० पेक्षा जास्त आणि सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त मुलं असतील तिथे मुख्याध्यापक धरलेला आहे. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट त्याच्या कितीतरी खाली. तिथे सेवाज्येष्ठ शिक्षकच 'प्रभारी' होतात. स्वतःचा वर्ग, कधी दोन वर्ग, आणि वर कार्यालय. सही मुख्याध्यापकाची, जबाबदारी मुख्याध्यापकाची, पण पद नाही.

मी सहा वर्षं अशी प्रभारी होते आणि पुढे पदोन्नतीने मुख्याध्यापिका झाले. या सगळ्या काळात एक गोष्ट मला पटत गेली. कामाने माणूस दमतो, पण रात्री झोपला की सकाळी पुन्हा उभा राहतो. मनात धरून ठेवलेलं काम मात्र झोपेतही चालूच राहतं. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यात आधी शिकायचं ते हे: डोक्यातली गोष्ट कागदावर कशी उतरवायची, आणि कागदावरची गोष्ट दुसऱ्या माणसापर्यंत कशी न्यायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पहिली पायरी: चार्ज मोजून घ्या

माझा पहिला चार्ज २००९ च्या जूनमधला. आधीच्या गुरुजींना दुपारची एसटी गाठायची होती. चार्ज यादीच्या तीन प्रती तयारच होत्या. मी अर्ध्या तासात सगळीकडे सह्या केल्या, चहा झाला, गुरुजी गेले. दुसऱ्या दिवशी किचन शेडमध्ये तांदळाची पोती पाहिली आणि पोटात गोळा आला. साठा नोंदवहीत शिल्लक ३१५ किलो. किराणा दुकानातून काटा आणून मोजलं तर २०६ किलो भरले. १०९ किलो तांदूळ कमी, आणि यादीवर सही माझी.

मी कुणालाच सांगितलं नाही. मोठी चूक झाली ती ही. तीन आठवडे रात्री दोन-अडीचला जाग यायची. पगारातून वसुली होईल का, गावात काय म्हणतील, नवऱ्याला सांगू की नको, हेच डोक्यात. वर्गात मुलांवर आवाज चढायला लागला. शेवटी एका शनिवारी केंद्रप्रमुखांच्या (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) समोर बसून मी सगळं सांगितलं आणि रडले. ते म्हणाले, "बाई, आधी हजेरीपट आणा, मग रडा." त्यांनी हजेरी आणि साठा नोंदवही शेजारी शेजारी ठेवली. एप्रिलअखेरच्या १३ दिवसांच्या खर्चाच्या नोंदीच पडल्या नव्हत्या. त्या दिवसांच्या उपस्थितीची बेरीज १,०९०. पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे बरोबर १०९ किलो. कुणी चोरी केली नव्हती, कुणाचं नुकसान झालं नव्हतं. दहा मिनिटांचं काम मी तीन आठवडे छातीवर घेऊन झोपत होते.

तेव्हा घाई करू नका. चार्जला पूर्ण दिवस लागला तरी लागू द्या. देणारे, घेणारे आणि शक्य असेल तर केंद्रप्रमुख, तिघं हजर असताना वस्तू मोजा. जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेलं) आधी उघडा, कारण शाळेतला सगळ्यात मोलाचा कागद तो. जुन्या विद्यार्थ्याला वीस वर्षांनी दाखला हवा असतो तो त्याच नोंदीवरून. पानं सुटलेली, जन्मतारखेत खाडाखोड झालेली असेल तर तिथल्या तिथे चार्ज यादीच्या शेऱ्यात लिहा. मग किर्द आणि पासबुकातली शिल्लक जुळवा, वापरलेले आणि कोरे धनादेश मोजा, दाखल्यांच्या पुस्तकातला शेवटचा क्रमांक लिहून घ्या, जडसंग्रह नोंदवही (बाकं, संगणक अशा टिकाऊ वस्तूंची) हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरा. तुटकी बाकं, बंद पडलेला संगणक जसा आहे तसा लिहा. जे सापडत नाही ते 'आढळले नाही' असं लिहूनच सही करा. देणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून संकोचू नका. नीट केलेल्या चार्ज यादीने त्यांचीही सुटका होते.

आता एक नवी गोष्ट वाढली आहे. यू-डायस प्लस आणि सरल (शाळेची आणि मुलांची माहिती भरायची पोर्टलं), शालार्थ (पगाराचं), पोषण आहाराचं पोर्टल या सगळ्यांचे पासवर्ड एका बंद पाकिटात घ्या, आणि कोणत्या पोर्टलला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते त्याच दिवशी पाहा. नंबर जुन्या मुख्याध्यापकांचाच राहिला तर ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. ते नव्या शाळेत परिपाठाला उभे, आणि तुम्ही इकडे दोन मिनिटांत संपणाऱ्या ओटीपीसाठी फोनवर फोन लावत बसता. पहिल्याच आठवड्यात नंबर बदलून घेतलेत तर वर्षभराची कटकट जाते.

दुसरी पायरी: फोनला वेळ नेमून द्या

मी चार्ज घेतला तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. टपाल यायचं, केंद्रशाळेत जाऊन आणायचं. आता सकाळी सातला ग्रुपवर मेसेज पडतो, 'अत्यंत तातडीचे, आज दुपारी ३ पर्यंत माहिती सादर करावी'. त्या क्षणापासून दिवस त्या मेसेजचा होतो. वर्गात गणित शिकवताना हात खिशाकडे जातो. मुलांना ते कळतं.

यावर मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. फोन दिवसातून तीनदा पाहायचा: परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर. मध्ये नाही. केंद्रप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात भेटून स्पष्ट पण आदराने सांगून ठेवायचं, "सर, तासाला असताना मी मेसेज पाहत नाही. खरंच निकडीचं असेल तर सरळ फोन करा, मी लगेच उचलेन." मला आजवर एकही साहेब असे भेटले नाहीत ज्यांना हे गैर वाटलं. उलट वर्गावर असणारा मुख्याध्यापक त्यांनाही हवाच असतो.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. नीट पाहिलंत तर वर्षभर मागितली जाणारी बरीचशी माहिती तीच ती असते, फक्त रकाने बदलतात. म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारी दोन तास काढून एक 'माहितीचा कागद' बनवा. त्यावर शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, वर्गवार मुलगे-मुली, प्रवर्गवार पट, आधार जुळलेली आणि न जुळलेली मुलं, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, स्वच्छतागृहं, पाण्याची सोय, वीज, बँक खात्याचा तपशील, शिक्षकांच्या जन्म आणि नियुक्तीच्या तारखा, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचं नाव, स्वयंपाकी ताईंचं नाव असं सगळं एका जागी. एक प्रत भिंतीवर, एक फाइलला, एक फोटो मोबाइलमध्ये. दर महिनाअखेर त्यात बदल करा. पूर्वी ज्या मागणीला अख्खी दुपार जायची ती पंधरा मिनिटांत उरकते, आणि प्रत्येक मेसेजला होणारी धडधड थांबते. धडधड थांबणं मला वेळ वाचण्यापेक्षा मोठं वाटतं.

रात्री आठनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आठनंतर पाठवलेली माहिती सकाळपर्यंत सहसा कुणी उघडून पाहत नाही.

अशैक्षणिक कामांबद्दल एवढंच सांगते की कायदा माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्या कामांखेरीज शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांवर नेमता येत नाही. प्रत्येक वेळी हे कलम पुढे करून भांडायचं नाही. पण काम कोणत्या आदेशाने आलं, लेखी आहे का, मुदत किती, हे विचारायला हरकत नसते. लेखी आदेश आला की मनावरचा निम्मा भार हलका होतो, कारण त्या दिवशी वर्ग का बुडाला याचं उत्तर कागदावर असतं.

तिसरी पायरी: काम वाटा, आणि वाटलेलं परत घेऊ नका

नवे मुख्याध्यापक इथे सगळ्यात जास्त चुकतात, आणि चांगुलपणामुळे चुकतात. 'सहकाऱ्यांना कशाला त्रास', 'मीच पटकन करून टाकते' असं म्हणत सगळं अंगावर घेतात. डिसेंबरपर्यंत चालतं. जानेवारीत आवाज बसतो, चिडचिड होते, आणि मग ज्यांना कधी काम दिलंच नाही त्याच सहकाऱ्यांवर 'कुणी काही करत नाही' म्हणून राग निघतो. मी हे स्वतः केलं आहे. त्या सहकाऱ्यांची नंतर माफी मागितली.

जूनच्या पहिल्या सभेत कार्यवाटप करा आणि ते इतिवृत्तात लिहा. पोषण आहार, शिष्यवृत्ती, क्रीडा, ऑनलाइन कामं, ग्रंथालय, परसबाग, प्रत्येकापुढे एक नाव. काम देताना अधिकारही द्या. पोषण आहार ज्या बाईंकडे असेल त्यांनीच स्वयंपाकी ताईंशी बोलायचं, त्यांनीच साठा लिहायचा. तुम्ही आठवड्यातून एकदा नोंदवही पाहून सही करायची. दर दिवशी जाऊन 'आज किती शिजवलं' विचारत राहिलात तर काम तुमच्याकडेच राहिलं आणि त्यांचा मान तेवढा गेला.

शाळा द्विशिक्षकी असेल तर 'वाटू कुणाला' हा प्रश्न खरा आहे. तरीही माणसं असतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सभा फक्त सह्यांपुरती घेतली तर ती समिती ओझं वाटते. कामाला लावली तर आधार होते. आमच्या शाळेत पाण्याची टाकी धुवायचं आणि महिन्यातून एकदा पोषण आहाराची चव पाहायचं काम समितीतल्या दोन आयांनी घेतलं. त्यातल्या एकीचा पहिला शेरा चव नोंदवहीत अजून आहे: 'मीठ बरोबर. वाटाणा अजून शिजायला हवा.' तेव्हापासून खिचडीबद्दल गावातून एकही तक्रार आली नाही, कारण तपासणारीही गावातलीच होती.

एक काम मात्र कुणाला देऊ नका: रोजचा एक तास. प्रभारींना हा पर्यायच नसतो, त्यांना वर्ग असतोच. पण पदोन्नतीने आलेल्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की रोज एक तास शिकवाच. दुसरीतली एक मुलगी 'प्रकाश' हा शब्द तीन दिवस 'परकाश' वाचत होती. चौथ्या दिवशी ती 'प्र'वर थांबली, ओठ हलवले, आणि म्हणाली "प्रकाश". मग आपण बरोबर वाचलं की नाही ते पाहायला तिने मान वर केली. त्या दिवशी ऑडिटचा मुक्काम होता आणि मी घरी हसत गेले. आपण या कामात का आलो ते कार्यालयात बसून आठवत नाही, वर्गात आठवतं.

चौथी पायरी: वर्ष आधीच पाहून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने जड महिने खुणावून ठेवा. जून प्रवेश, पुस्तकं आणि गणवेशात जातो. सप्टेंबर सगळ्यात कडक, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यतेचं, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होतात त्याचं, गणित बसतं आणि त्याआधी आधारची कामं उरकायची असतात. दिवाळीआधी सत्र परीक्षा. डिसेंबर-जानेवारीत क्रीडा स्पर्धा आणि स्नेहसंमेलन. मार्चमध्ये अनुदानाचा खर्च, बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्रं, एप्रिलमध्ये निकाल.

याचा उपयोग एवढाच की सप्टेंबर आणि मार्चमध्ये घरचं कार्य, घराची रंगरंगोटी, नवं काहीतरी सुरू करणं टाळायचं. ऑगस्टमध्ये आणि दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात एकेक किरकोळ रजा आधीच ठरवून टाकायची. आजारी पडल्यावर घेतलेली रजा अंथरुणातच जाते. रजेच्या दिवशी प्रभार लेखी द्या आणि फोन खरोखर बंद ठेवा. एक दिवस तुमच्याविना शाळा चालली याचं वाईट वाटून घेऊ नका. आपण शाळा नीट लावून दिली आहे, हे त्यातूनच कळतं.

पाचवी पायरी: कार्यालयात चिडून आलेलं माणूस

कधीतरी एक वडील तावातावाने दारात उभे राहणार. "बाई, माझ्या पोराला मारलं कुणी ते सांगा आधी!" अशा वेळी छाती धडधडते, आवाज आपोआप चढतो. मी शिकले ते असं. उभं राहून बोलायचं नाही. "दादा, आधी बसा, पाणी घ्या." त्यांना पूर्ण बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, आणि समोरच वहीत लिहून घ्यायचं. लिहिताना माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, कारण आपलं म्हणणं नीट लिहिलं जावं असं त्याला वाटतं. मग वाचून दाखवायचं, "असंच ना?" निर्णय मात्र त्या क्षणी द्यायचा नाही. "मी मुलांशी आणि सरांशी बोलते. उद्या अकरा वाजता या, मी काय केलं ते सांगते." आणि उद्या अकराला खरंच सांगायचं. वेळ पाळली की पुढच्या खेपेला तेच वडील दारात उभं राहून ओरडत नाहीत.

सहकाऱ्यांतल्या भांडणातही हेच, फक्त दोघांना वेगवेगळं ऐकायचं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं नाही. गावातल्या दोन गटांपैकी कुणाच्याही ओसरीवर चहाला बसायचं नाही. दोन्हीकडच्या लग्नाला जायचं, जेवायचं, आणि शाळेतल्या विषयावर शाळेतच बोलायचं.

दिवसभरात असं काही झालं तर घरी निघण्याआधी पाच ओळी लिहा: काय झालं, मी काय बोलले, उद्या काय करायचं. वही कपाटात ठेवून कुलूप लावा. गोष्ट तिथे ठेवून जाण्याची मनाला हळूहळू सवय लागते.

जे उद्यावर टाकता येत नाही

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही, कुणाशी सल्लामसलत करत दिवस घालवायचा नाही. एखाद्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या कर्मचाऱ्याबाबतची अशी गोष्ट कळवली नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावात मिटवू म्हणणारे वजनदार लोक येतील. "कायद्याने मला कळवावंच लागतं" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. त्यामुळे निर्णय तुमच्या एकट्याच्या मनावर राहत नाही. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी शिक्षकांनीही वापरायची आहे. मुलाचं नाव कुठेही फुटू देऊ नका.

आणि असं प्रकरण, किंवा शाळेत एखादा अपघात, एखाद्या विद्यार्थ्याचा मृत्यू, यातून गेल्यावर मुख्याध्यापकाकडे कुणी पाहत नाही. सगळे पालकांकडे, मुलांकडे पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण तुम्हालाही त्या आठवड्यात कुणीतरी हवं. शाळेबाहेरच्या एका माणसाशी बोला. 'मी खंबीर राहिलं पाहिजे' म्हणून गिळून टाकलेलं दुःख सहा महिन्यांनी छातीत दुखण्याच्या रूपाने बाहेर आलेलं मी जवळच्या सहकाऱ्यात पाहिलं आहे.

शरीराकडे बघा

हे अगदी साधं आहे आणि हेच सुटतं. मुख्याध्यापक मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव घेतात आणि स्वतःचा डबा चारला उघडतात. मुलं जेवायला बसली की तुम्हीही बसा, त्यांच्याच पंगतीत. पोटात अन्न असलं की चारचा फोनही शांतपणे घेता येतो.

बायकांसाठी विशेष सांगते. शाळेतलं स्वच्छतागृह नीट नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी बाई मला माहीत आहेत. लघवीचा जंतुसंसर्ग, डोकेदुखी, पित्त यांचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. शिक्षकांसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह हा पहिल्या वर्षातल्या खर्चाचा आणि समितीच्या सभेचा पहिला विषय करा. ही मागणी करताना लाजायचं कारण नाही. तुम्हाला सोय झाली तर सहावी-सातवीच्या मुलींनाही होते.

वयाची तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. उपकेंद्रातल्या सिस्टर मुलांच्या तपासणीला किंवा जंतनाशक गोळ्यांच्या दिवशी शाळेत येतात, तेव्हाच शिक्षकांचाही रक्तदाब मोजून घ्या. रोज तीस-चाळीस किलोमीटर दुचाकीवर जाणाऱ्यांनी पाठदुखी अंगावर काढू नये. दोघं-तिघं मिळून एका गाडीने गेलात तर पाठही वाचते आणि जाता-येता बोलणंही होतं.

दमणं आणि त्यापुढचं

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, ज्याला आपण आता 'बर्नआउट' म्हणतो त्याची, तीन लक्षणं सांगितली आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता वाटू लागणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही. वेळीच न सांभाळलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम आहे. म्हणजे दोष तुमच्या स्वभावात शोधू नका, कामाच्या रचनेत शोधा.

शाळेत ही लक्षणं कशी दिसतात? रविवारी दुपारपासून पोटात ढवळतं. परिपाठात मुलं प्रार्थना म्हणत असतात आणि आपल्याला ऐकूच येत नाही. जी मुलं आवडायची त्यांचाच राग येतो. माझ्यासाठी हीच घंटा होती. मुलांवर विनाकारण ओरडले की मी समजायचे, आता काहीतरी कमी करायला हवं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतो असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा. या फोनची नोंद सेवापुस्तकात होत नाही. मदत घेतल्याने कुणाची मुख्याध्यापकी कमी होत नाही.

सोबत जमवा

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद संपली की सगळे गाड्या काढून निघतात. थोडं थांबा. मन जुळतील असे तीन-चार मुख्याध्यापक हेरा आणि परिषदेनंतर अर्धा तास चहाला बसायची रीत पाडा. आमचा नियम होता: प्रत्येकाने एकच अडचण सांगायची, बाकीच्यांनी आधी ऐकून घ्यायचं, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. जडसंग्रहातल्या निरुपयोगी वस्तू निर्लेखित (नोंदवहीतून रीतसर कमी) कशा करायच्या हे मी तिथे शिकले. एक सर घरच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलले तेही तिथेच. जोडीला एखादे निवृत्त मुख्याध्यापक हाताशी ठेवा. त्यांना वेळ असतो, अनुभव असतो, आणि विचारलं की आनंदही होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांनाही वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. प्रशिक्षणाची यादी आली की हिशेब, ऑनलाइन काम याबरोबरच नेतृत्वाचा, संवादाचा एखादा वर्ग आवर्जून निवडा. तिथे जे शिकवतात त्याच्याइतकंच जेवणाच्या सुट्टीत भेटणाऱ्या माणसांसाठी जा.

घरी शाळेतलं रोज एकच सांगा, आणि शक्यतो मुलांचं सांगा. घरच्यांना साहेबांची नावं पाठ होण्यापेक्षा तुमच्या पहिलीतल्या पोरांची नावं पाठ झालेली बरी.

१ मेला निकाल लागल्यावर

ध्वजवंदन झालं, प्रगतिपत्रकं वाटून झाली, मुलं पळाली, की अर्धा तास कार्यालयात बसा आणि तुमच्यानंतर येणाऱ्या माणसासाठी दोन-तीन पानांचं टिपण लिहा. बदली नसली तरी लिहा, दर वर्षी त्यात भर घाला. मला असं टिपण २००९ मध्ये कुणी दिलं असतं तर त्या तीन आठवड्यांत मी झोपले असते.

त्यात मोठं काही नको. साठा कोणत्या तारखेपर्यंत लिहिलेला आहे. कोणत्या पोर्टलला कोणता नंबर जोडला आहे. पासबुक कोणत्या कप्प्यात आहे. तिसऱ्या खोलीचं छत कुठे गळतं आणि पावसाळ्याआधी कुणाला सांगायचं. चौथीतला कोणता मुलगा आजीकडे राहतो, त्याच्या दाखल्यासाठी आईला पुण्याहून यावं लागतं, म्हणून तिला आठ दिवस आधी फोन करावा. किचन शेडची दुसरी किल्ली स्वयंपाकी ताईंकडे आहे. त्या सकाळी साडेनऊला येतात.